एका शैक्षणिक वर्षात न मावणारी जमीन

भंडारा जिल्ह्यातला जुना शेतकरी जमिनीचा पोत पाहून बोलतो : ही कन्हार, ती मोरांड, पलीकडची सिहार, टेकाडाची बर्डी. कुठल्या बांधीत भारी धान घ्यायचा आणि कुठे हलका, ते त्यावरून ठरतं. हे ज्ञान शाळेच्या वहीत उतरवण्याची मोठी संधी २०१० आणि २०११ साली आली. १९९३ पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेचा त्या दोन वर्षांचा विषयच ‘भूसंसाधने’ हा होता. १० ते १७ वर्षांच्या मुलांनी गट करायचा, आपल्याच परिसरातला प्रश्न घ्यायचा आणि रोजच्या नोंदी ठेवायच्या, अशी परिषदेची पद्धत. मातीचा दर्जा, जमिनीचा वापर, गावकऱ्यांचं पारंपरिक ज्ञान, सगळं त्यात बसत होतं. महागडी उपकरणंही लागत नव्हती. बाटलीत माती ढवळून थर मोजता येतात, पाणी किती वेळात मुरतं ते घड्याळ लावून पाहता येतं.

महाविद्यालयांची वाट वेगळी. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीसाठी पर्यावरण हा विषय सक्तीचा केला. त्याचं पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एरक भरुचांनी लिहिलं. अभ्यासक्रमात १०० पैकी २५ गुण क्षेत्रकार्याला ठेवले होते : जवळची नदी, तळं, डोंगरउतार पाहून अहवाल लिहायचा. कल्पना उत्तम होती. पण गुण मिळाले की अहवालाचं काम संपतं आणि पुढच्या वर्षीची तुकडी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करते.

भंडाऱ्यात हे विशेष खटकतं, कारण इथला अभ्यासविषय फार जुना आहे. गोंड राजवटीत कोहळी समाजाने उभारलेले तलाव आज माजी मालगुजारी, म्हणजे ‘मामा तलाव’ म्हणून ओळखले जातात. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले, आणि देखभाल करणाऱ्या गावाचा हात सुटला. पाळ खचली, गाळ साचला, बेशरम हे तण माजलं. १९९९ पर्यंत भंडाऱ्याचाच भाग असलेल्या अर्जुनी मोरगाव परिसरात मनीष राजनकर आणि पतिराम तुमसरे यांनी ढिवर समाजाच्या जाणकारांसोबत या पाण्यातल्या वनस्पती आणि माशांचा अभ्यास केला. बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावल्या, देशी माशांना पुन्हा जागा करून दिली. विद्यार्थ्यांना संशोधनाचा धडा द्यायचा तर माझ्या मते हाच द्यावा. इथे प्रश्न गावाचा होता, माहीतगार गावातलेच होते आणि काम वर्षानुवर्षं चाललं.

सातत्याचं दुसरं उदाहरण सारस गणनेचं. गोंदिया-भंडाऱ्याच्या पाणथळींवर दरवर्षी उन्हाळा संपता संपता सारस मोजले जातात. ठिकाणं ओळखीची, मोसम तोच, म्हणून या पक्ष्याची घट आकड्यांत दिसू शकली. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसाच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. एकाच वर्षाची सुंदर फाइल न्यायालयात ही घट सांगू शकली नसती.

जमिनीच्या बाबतीत अशी सलग नोंदींची ओळ अजून जुळलेली नाही, आणि मला त्याची काळजी वाटते. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांतली झुडपी जंगलं ही वनजमीनच असल्याचा निकाल दिला. भंडारा त्यांपैकी एक. आता झुडपीच्या कुठल्या तुकड्यावर कधी काय उभं राहिलं, चराई कुठे होती, अतिक्रमण केव्हा झालं, हे प्रश्न गावोगाव येणार. २०१०-११ मध्ये मुलांनी जिथे जमीनवापराचे नकाशे काढले असतील, तिथे ते आज पुराव्याला जोड देऊ शकतात, जपले असतील तर.

जपण्याची जागा कायद्यात तयार आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावपातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही आणली. शाळेने दरवर्षीचा अहवाल त्या नोंदवहीला जोडावा. पुढच्या तुकडीने तोच तलाव, तेच शेत, तोच उतार पुन्हा मोजावा. विज्ञान प्रदर्शनाच्या परीक्षकांनी नव्या विषयाइतकेच गुण जुन्या नोंदी पुढे नेणाऱ्या गटालाही द्यावेत.