झोल्पिडेम घेताय? आधी घड्याळ बघा
डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी झोल्पिडेम ही झोपेची गोळी लिहून दिलीय? गोळी घेतली की थेट अंथरुणात. ‘जरा मोबाइल बघतो’ नको! पुढचे सात-आठ तास झोपेला मोकळे हवेत. पहाटेची गाडी गाठायची असेल तर त्या रात्री गोळी नकोच. भरल्या पोटी परिणाम उशिरा होतो, म्हणून वैतागून दुसरी घेऊ नका.

बायकांच्या शरीरातून हे औषध सावकाश बाहेर पडतं. अमेरिकेच्या एफडीएने २०१३ मध्ये त्यांचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणला तो यामुळेच. तेव्हा नवऱ्याची गोळी बायकोने घेणं (आपल्याकडे सर्रास चालतं) धोक्याचं. दारूसोबत तर मुळीच नाही, श्वास मंदावतो.

झोपेत चाललात, स्वयंपाक केलात असं घरच्यांनी सांगितलं, तर गोळी थांबवा आणि डॉक्टरांना लगेच कळवा.