एक जुनं दार, दोन घोडे आणि सगळ्यांचं टेबल



आम्ही गटातल्या सातजणी पिशव्या, परकर, गोधड्या शिवतो. सुरुवातीला कापड जमिनीवर अंथरूनच बेतायचो. संध्याकाळी उठताना कंबर धरावी लागायची. एकदा ऑर्डरच्या कापडावर चहा सांडला आणि भरपाई आमच्याच पदरची गेली. मग स्वस्तातला प्लाय आणून टेबल ठोकलं. पहिल्याच पावसाळ्यात ते फुगलं, पापुद्रे सुटले. पैसे पाण्यात!

शेवटी जुनं दार कामी आलं. पाडलेल्या घरांची दारं-खिडक्या विकतात, तिथे ते मिळतं. साडेसहा फूट लांब, तीन फूट रुंद दाराभोवती चौघी आरामात काम करतात. घेताना दार ठोकून बघा. पोकळ आवाज आला किंवा भुसा पडला, तर लाकूड किडीने पोखरलेलं असू शकतं, घेऊ नका. सपाट दारच निवडा. नक्षीचं असेल तर वर पातळ प्लाय मारावा लागतो, खर्च वाढतो. जुने खिळे उपटा, पॉलिशपेपरने घासा, कोपरे गोल करा. नाहीतर कापड अडकून फाटतं.

खाली सुताराकडून दोन लाकडी घोडे करून घ्या. दोन्ही टोकांपासून फूटभर आत ठेवले की दार मधे झुकत नाही. दार घोड्यांना ठोकू नका. रात्री दार भिंतीला उभं केलं की खोली झोपायला मोकळी. शेणाने सारवलेली जमीन असेल तर पायांखाली फरशीचे तुकडे द्या. पाय रुतत नाहीत, ओलही लागत नाही.

उंची कशी ठरवायची? सरळ उभं राहून कोपर वाकवा. टेबल कोपरापेक्षा पाच-सहा बोटं खाली हवं. माप सगळ्यांत उंच बाईचं घ्या. ठेंगणी पाटावर उभी राहील, पण उंच बाईला वाकण्याशिवाय इलाज नाही. ही उंची उभ्याने बेतण्यासाठी आहे. शिलाई मशीन तिच्या स्टँडवरच राहू द्या. टेबलाच्या कडेला जुनी टेप चिकटवा, मोजणं सोपं होतं. टेबल खिडकीजवळ ठेवा.

आता खरी गोष्ट. टेबल कुणाच्या घरात आणि मालकी कुणाची? आमच्याकडे यावरूनच अबोला धरला गेला होता. ज्यांच्या घरी टेबल, त्यांना वाटे जागा आमची, वीजबिल आमचं. बाकीच्यांना वाटे, आपल्या पैशांचं टेबल त्या एकट्याच वापरतात. मग बैठकीत ठराव लिहिला: टेबल गटाचं, खर्च गटाच्या वहीत, वीजबिलाचा वाटा दर महिन्याला घरमालकिणीला, आणि कोणाचे वार कोणते तेही ठरलेलं. सह्या झाल्या, बोलणं सुरू झालं.

मैत्रिणींनो, दार आणण्याआधी वही उघडा. टेबल डगमगलं तर पाचर मारता येते. विश्वास डगमगला तर अवघड होतं.