विजेरीतला दिवा का जळतो?

श्रोतेहो, रात्रपाळीच्या आमच्या एका सोबत्याने घरी विजेरी बांधली; एलईडी थेट लिथियम सेलला जोडला. थोडा वेळ लख्ख उजेड, मग काळोख, आणि तोही गिरणीच्या जिन्यावर! चूक कोठे झाली? जुन्या बल्बची तार तापली की तिचा विरोध वाढतो, प्रवाह आवरतो. एलईडीचे उलटे. तापला की त्याच दाबावर तो अधिक प्रवाह ओढतो, आणि अधिकच तापतो. भरलेला सेल ४.२ व्होल्टचा, दिव्याला पुरतात सुमारे ३.२. उरलेला १ व्होल्ट कोणीतरी झेलला पाहिजे. साडेतीनशे मिलिअँपिअरच्या दिव्याला ३ ओहमचा रेझिस्टर मध्ये घाला, तोही १ वॉटचा. पाव वॉटचा आम्ही स्वतः जाळला आहे. मात्र सेल उतरेल तसा उजेड मंदावणार. मोठ्या दिव्याला म्हणूनच प्रवाह स्थिर राखणारा ड्रायव्हर लावावा. चार पैसे जास्त जातील, जाऊ देत.