पेशींची उलटी वाट : भाग 6 – चोवीसातले चार

मागच्या आठवड्यात आपण ऑक्सफर्डला, जॉन गर्डन यांच्या बेडकांपाशी थांबलो होतो. आतड्याच्या पेशीतलं केंद्रक अंड्यात घालून त्यांनी बेडूकमासे जन्माला घातले, तो शोधनिबंध 1962चा. त्याच वर्षी जपानमध्ये ओसाकाजवळ, शिलाई मशीनचे सुटे भाग बनवणाऱ्या एका लहान कारखानदाराच्या घरी शिन्या यामानाका जन्मले. पन्नास वर्षांनी, 2012मध्ये, दोघांना नोबेल विभागून मिळालं. योगायोग सांगायला गोड आहे, पण यामानाकांची मधली वाट करिअर मार्गदर्शनाच्या शिबिरात कुणी दाखवणार नाही.

ज्युडो आणि रग्बीत हाडं मोडून घेत मोठा झालेला हा मुलगा 1987मध्ये कोबे विद्यापीठातून डॉक्टर झाला आणि साहजिकच अस्थिरोगाकडे वळला. शस्त्रक्रियेत मात्र हात चालेना. इतरांना अर्धा तास पुरे, तिथे यांना दोन तास. वरिष्ठ त्यांना ‘जामानाका’ म्हणू लागले. जपानीत ‘जामा’ म्हणजे अडथळा. हा किस्सा ते स्वतःच हसत सांगतात. मग औषधशास्त्रात पीएच.डी., 1993मध्ये सॅन फ्रान्सिस्कोची ग्लॅडस्टोन संस्था, 1996मध्ये ओसाकाला परत.

परतल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. अमेरिकेत उंदरांची देखभाल करायला माणसं होती; इथे शेकडो उंदरांचे पिंजरे स्वतः साफ करायचे. पैसा तुटपुंजा, आणि याचा रोग्यांना उपयोग काय, हा प्रश्न सतत कानावर. सकाळी अंथरुणातून उठवेना. या आजाराला त्यांनी नावही ठेवलं : ‘पोस्ट अमेरिका डिप्रेशन’. संशोधन सोडून दवाखान्यात परतायचं जवळपास ठरलं असताना, 1999च्या अखेरीस, नारा इथल्या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेत त्यांना स्वतःची प्रयोगशाळा मिळाली.

नाव नसलेल्या प्राध्यापकाकडे विद्यार्थी कशाला येतील? म्हणून यामानाकांनी एक भव्य स्वप्न मांडलं : भ्रूण न वापरता, साध्या पेशीपासूनच भ्रूणातल्यासारख्या मूळपेशी बनवायच्या. किती कठीण, ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. आलेल्यांत काझुतोशी ताकाहाशी होता, जीवशास्त्राचा गंध नसलेला, अभियांत्रिकीतून आलेला.

भ्रूणातल्या मूळपेशींना त्यांचं मूळपण देत असतील अशी चोवीस जनुकं त्यांनी निवडली होती. एकेक जनुक विषाणूमार्फत उंदराच्या पेशीत सोडून पाहिलं, काही घडलं नाही. जोड्या लावायच्या तर 276. चार-चारचे गट करायचे तर 10,626! ताकाहाशीनं सगळी चोवीस एकदम घातली, आणि बशीत मूळपेशींसारखे पुंजके उगवले. मग त्यानं सुचवलं : आता एकेक काढून पाहू. गणपतीच्या मखराची माळ विझली की आपण एकेक बल्ब काढून दोष शोधतो. यानं पेटलेल्या माळेतून एकेक काढला. काढल्यावर पुंजके येईनात अशी दहा निघाली. त्या दहांतून पुन्हा तसंच गाळल्यावर चार उरली : ऑक्ट3/4, सॉक्स2, केएलएफ4 आणि सी-मिक. मला वाटतं, जीवशास्त्राचं ओझं नसल्यामुळेच त्याला इतकी सरळ युक्ती सुचली.

दरम्यान यामानाका 2004मध्ये क्योटो विद्यापीठात आले होते. उंदराच्या पेशींवरचा निबंध ऑगस्ट 2006मध्ये प्रसिद्ध झाला, माणसाच्या पेशींवरचा नोव्हेंबर 2007मध्ये. पेशींचं नाव ‘आयपीएस’. त्यातला ‘आय’ लहान लिपीतला, तेव्हा गाजत असलेल्या आयपॉडवरून घेतलेला.

चौघांतल्या सी-मिकनं मात्र पुढे डोकेदुखी वाढवली. हे जनुक कर्करोगाशी निगडित आहे, आणि या पेशींपासून जन्मलेल्या उंदरांच्या अंगात गाठी वाढू लागल्या. अशा पेशी माणसाच्या शरीरात सोडायचा धीर कुणी केला, आणि तो डोळ्यापासूनच का, ते पुढच्या आठवड्यात. त्यासाठी 2014च्या सप्टेंबरात, कोबेला जावं लागेल.