झोप : करण्याची गोष्ट की होण्याची?

मंडळी, आज एक साधा वाटणारा प्रश्न घेऊ. झोप आपण करतो, की ती आपल्याला होते? मराठी दोन्ही म्हणते बघा. 'मी झोपलो' आणि 'मला झोप लागली'. पतंजलींनीही निद्रा पाच वृत्तींमध्ये मोजली. नुसतं रिकामपण मानलं नाही.

हाच प्रश्न ऑक्युपेशनल थेरपीपुढे आहे. तिला 'व्यवसायोपचार' म्हणतात, पण इथे व्यवसाय म्हणजे धंदा नव्हे. अंघोळ, स्वयंपाक, खेळ, अशा ज्या गोष्टींनी माणसाचा दिवस भरतो, त्या सगळ्या. या विद्येच्या तत्त्वज्ञानावर अ‍ॅडॉल्फ मायर या मानसोपचारतज्ज्ञांनी १९२२ मध्ये लेख लिहिला, त्यात काम, खेळ, विश्रांतीच्या जोडीला झोपही होती. तरी अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपी असोसिएशनच्या आराखड्यात 'विश्रांती आणि झोप' हे स्वतंत्र क्षेत्र व्हायला २००८ साल उजाडलं.

आता मेंदूच्या आजारांत झोपेचा अभ्यास करणारी संशोधक काय पाहते? मनगटावर हालचाल टिपणारं यंत्र बांधते, झोपेची नोंदवही ठेवायला सांगते. पण तास मोजून ती थांबत नाही. रात्र नेमकी कुठे अडते, हा तिचा प्रश्न.

कंपवाताचा, म्हणजे पार्किन्सन्सचा रुग्ण घ्या. रात्री औषधाचा असर ओसरतो, अंग आखडतं, कुशीवर वळता येत नाही. दर वेळी बायकोला उठवावं लागलं, तर दोघांचीही झोप मोडते.

निद्रानाशावर एक प्रसिद्ध सल्ला आहे, रिचर्ड बूट्झिन यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या पद्धतीतला. झोप येत नसेल तर उठा, दुसऱ्या खोलीत जा, डोळे मिटू लागले की परत या. तुम्हाआम्हाला उत्तम! पण या रुग्णाने तो जसाच्या तसा पाळला, तर मध्यरात्री तोल जाऊन हाड मोडायचं.

मग सल्ला टाकून द्यायचा का? नाही. त्याचा हेतू पाहायचा. अंथरूण आणि जागरण यांची मनात बसलेली जोडी तोडणं, हा तो हेतू. तो राखून रूप बदलता येतं. पलंगाला लागूनच हात असलेली खुर्ची ठेवायची, किंवा उशांना टेकून बसायचं. शिवाय कमरेखाली गुळगुळीत कापड, हलकं पांघरूण, संडासापर्यंत मंद दिवा.

म्हणजे आपल्या प्रश्नाचं उत्तर असं : झोप लागणं आपल्या हातात नाही, पण तिची तयारी आहे, आणि ती तयारी ज्याच्या त्याच्या शरीराप्रमाणे करावी लागते.

तेव्हा घरात असा रुग्ण असेल, तर 'किती तास झोपलात?' एवढ्यावर थांबू नका. 'कुशीवर वळता आलं का? कशासाठी उठावं लागलं?' हेही विचारा, आणि उत्तर डॉक्टरांच्या, थेरपिस्टच्या कानावर घाला.