इंग्रजी स्वल्पविराम आणि मराठी सवय

मोडीच्या धावत्या लेखनात दोन शब्दही सुटे लिहिले जात नसत. आज मराठीत रुळलेली विरामचिन्हे इंग्रजीच्या सहवासातून आली असून, मेजर थॉमस कँडी यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका १८५० साली प्रसिद्ध झाली. चिन्हे उसनी घेतली गेली, तरी मराठी वाक्याने त्यांना आपल्या वळणावर आणले. त्यामुळे मराठी माणूस इंग्रजी लिहू लागला की त्याच्या स्वल्पविरामाच्या चुका बहुधा अज्ञानातून होत नाहीत, तर मराठीच्या सवयीतून होतात.

‘कॉमा’ आणि ‘कोलन’ हे दोन्ही शब्द मूळचे ग्रीक असून त्यांचे अर्थ अनुक्रमे ‘कापलेला तुकडा’ आणि ‘अवयव’ असे आहेत. इसवी सनापूर्वी सुमारे २०० च्या काळात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख असलेल्या ॲरिस्टोफेनिस या विद्वानाने (हा प्रसिद्ध नाटककार नव्हे) वाक्याचे लहानमोठे तुकडे दाखवण्यासाठी निरनिराळ्या उंचीवर ठिपके देण्याची पद्धत सुचवली, आणि ती मोठ्याने वाचणाऱ्यांच्या सोयीसाठी होती. स्वल्पविरामापाशी ‘एक’ म्हणेपर्यंत थांबावे, ही शाळेतली शिकवण त्याच परंपरेतली आहे. पुढे छपाई आणि मूकवाचन यांचा प्रसार झाला, तसे हे चिन्ह श्वासापेक्षा व्याकरणाशी अधिक बांधले गेले. आजच्या इंग्रजीत कोठे दम घ्यावासा वाटतो, यावरून स्वल्पविराम ठरत नाही.

याचे उत्तम उदाहरण संबंधी वाक्यांशात, म्हणजे एखाद्या नामाविषयी अधिक माहिती देणाऱ्या ‘हू’ किंवा ‘विच’ने सुरू होणाऱ्या भागात, सापडते. ‘माय ब्रदर हू लिव्ह्ज इन पुणे इज अ डॉक्टर’ हे वाक्य स्वल्पविरामाविना लिहिले, तर भाऊ एकाहून अधिक आहेत आणि त्यांपैकी पुण्याचा कोणता ते सांगितले जात आहे, असा अर्थ होतो. ‘हू’च्या आधी आणि ‘पुणे’नंतर स्वल्पविराम दिले, तर भाऊ एकच असून तो पुण्यात राहतो, ही केवळ जोडमाहिती ठरते. मराठीत हे काम ‘जो भाऊ पुण्यात राहतो, तो’ अशी जोडी करते आणि चिन्ह गळाले तरी अर्थ ढळत नाही. विभक्तिप्रत्यय जवळजवळ गमावून बसलेल्या इंग्रजीला मात्र तो भार शब्दक्रमावर आणि या इवल्या चिन्हावर टाकावा लागतो.

मराठी सवय उघडी पडण्याची आणखी ठिकाणे आहेत. ‘तो म्हणाला की,’ असे लिहिणारा हात ‘ही सेड दॅट’नंतरही स्वल्पविराम देतो, जो इंग्रजीत चूक आहे, लांबलचक कर्ता संपल्यावर क्रियापदाआधी दिलेला एकटा स्वल्पविरामही तसाच. ‘पाऊस पडत होता, आम्ही घरीच थांबलो’ हे मराठीत बिनतक्रार चालते, परंतु इंग्रजीत दोन स्वतंत्र वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडणे दोष मानले जाते आणि तेथे अर्धविराम, पूर्णविराम किंवा उभयान्वयी अव्यय लागते.

यादीत ‘अँड’ किंवा ‘ऑर’च्या आधी द्यायचा स्वल्पविराम, ज्याला ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाच्या प्रथेवरून ‘ऑक्सफर्ड कॉमा’ म्हणतात, हा मात्र शैलीचा प्रश्न आहे. अमेरिकी ग्रंथ तो बहुधा देतात, ब्रिटिश वृत्तपत्रे बहुधा टाळतात. तरीही तो क्षुल्लक नाही. अमेरिकेतील मेन राज्याच्या कायद्याने खाद्यपदार्थांसंबंधीची काही कामे जादा कामाच्या वाढीव मजुरीतून वगळली होती आणि त्या यादीच्या शेवटी ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ असे शब्द होते. ‘शिपमेंट’नंतर स्वल्पविराम नसल्याने वगळले आहे ते फक्त पॅकिंग, वितरण नव्हे, असा दावा ओकहर्स्ट डेअरीच्या वाहनचालकांनी केला, २०१७ साली अपील न्यायालयाने मजकूर संदिग्ध ठरवून कौल त्यांच्या बाजूने दिला आणि पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. न्यायालयाच्या निकालानंतर कायदेमंडळाने त्या यादीत अर्धविराम घातले.

अपूर्णविराम, म्हणजे कोलन, त्या मानाने सरळ आहे. त्याच्या आधीचा भाग स्वतःपुरते पूर्ण वाक्य असावा आणि नंतरच्या भागाने त्या वाक्याने जागवलेली अपेक्षा यादीने, कारणाने किंवा स्पष्टीकरणाने पुरवावी, एवढा नियम सांभाळला की पुरते. म्हणून ‘द कलर्स आर’ किंवा ‘सच ॲज’ यांच्यानंतर तो देणे चुकीचे मानतात, कारण तेथे वाक्य अर्धेच तुटते. ‘खालीलप्रमाणे’ म्हणून लगेच दोन ठिपके देण्याची सरावलेली पद्धत येथे आड येते. मराठीत हे ठिपके विसर्गासारखे दिसतात, म्हणून जाणते मुद्रक त्यांच्याआधी थोडी जागा सोडतात. इंग्रजीत विसर्ग नाही, त्यामुळे तेथे कोलन आधीच्या अक्षराला चिकटूनच बसतो आणि जागा सुटते ती त्याच्यानंतर.