खाटेपाशी घडणारा फार्मासिस्ट

औषध शरीरात काय करते, हे वर्गात शिकता येते. रुग्ण ते औषध घरी कसे घेतो, कोणती गोळी विसरतो, कोणती दुप्पट घेतो, हे मात्र त्याच्याशी बोलल्याशिवाय कळत नाही. म्हणूनच ब्रिटन आणि अमेरिकेत फार्मसीच्या विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा महत्त्वाचा भाग प्रत्यक्ष रुग्णांमध्ये होतो.

सुरुवात कुठे झाली?

1966 साली सॅन फ्रान्सिस्कोतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात नवव्या मजल्यावर एक प्रयोग सुरू झाला. औषधभांडारात बसणारे फार्मासिस्ट थेट वॉर्डाशेजारी आले आणि डॉक्टर-परिचारिकांच्या बरोबरीने काम करू लागले. विद्यार्थीही तिथेच शिकू लागले. क्लिनिकल फार्मसीच्या इतिहासात हा ‘नववा मजला’ आजही आदराने सांगितला जातो.

ब्रिटनमधले 52 आठवडे

ब्रिटनमध्ये चार वर्षांच्या एमफार्म पदवीनंतर 52 आठवड्यांचे फाउंडेशन प्रशिक्षण घ्यावे लागते. ते रुग्णालयात, औषधाच्या दुकानात किंवा दोन्हीकडे मिळून करता येते. प्रशिक्षणार्थीला या काळात पगार मिळतो आणि त्याच्यावर एका अनुभवी मार्गदर्शकाची नजर असते. नुसती हजेरी भरून भागत नाही. औषधे अचूक देणे, रुग्णाशी बोलणे, चूक ओळखून योग्य माणसापर्यंत पोहोचवणे, अशी कामे जमत असल्याचे पुरावे त्याला नोंदवून दाखवावे लागतात.

रुग्णालयात प्रशिक्षणार्थी औषधवाटप, निर्जंतुक औषधनिर्मिती, औषधमाहिती केंद्र आणि वेगवेगळे वॉर्ड असा फिरतो. शेवटी नोंदणीची परीक्षा असते. तिच्या पहिल्या भागात केवळ औषधांच्या हिशेबाचे 40 प्रश्न असतात, कारण दशांशचिन्ह एक घर सरकले तर रुग्णाला दहापट औषध जाते.

नव्या अभ्यासक्रमानुसार 2026 पासून नोंदणी होणाऱ्या फार्मासिस्टना औषध लिहून देण्याचाही अधिकार मिळणार आहे. त्यासाठी प्रशिक्षणात 90 तास देखरेखीखाली औषधे लिहिण्याचा सराव ठेवला आहे.

वॉर्डातले एक उदाहरण

रुग्ण दाखल झाला की तो घरी कोणती औषधे घेत होता, याची पडताळणी शक्यतो 24 तासांत करायची, असा ब्रिटनमधला दंडक आहे. हे काम शिकताना काय घडू शकते ते पाहू.

संधिवाताच्या एका वृद्ध बाईंच्या चार्टवर मेथोट्रेक्झेट 10 मिलिग्रॅम ‘रोज’ असे लिहिले आहे. प्रशिक्षणार्थी मुलगी खाटेपाशी बसते आणि विचारते, “या गोळ्या तुम्ही कोणत्या वारी घेता?” बाई म्हणतात, “सोमवारी. चार गोळ्या.” मुलगी त्यांच्या पिशवीतला डबा उघडते, लेबल वाचते, त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडची नोंद मागवते. तिन्हीकडे एकच उत्तर येते: आठवड्यातून एकदा. ती मार्गदर्शकाला सांगते, डॉक्टरांना फोन जातो, चार्ट दुरुस्त होतो.

संधिवातासाठी आठवड्याला घ्यायचे हे औषध रोज दिले गेले, तर अस्थिमज्जा निकामी होऊन जीवही जाऊ शकतो. “रोज घेता का?” असे विचारले असते, तर आजारी माणसाने नुसती मान डोलावली असती. प्रश्न कसा विचारावा, हे ती मुलगी मार्गदर्शकाला वॉर्डात विचारताना ऐकूनच शिकलेली असते.

अमेरिकेतली पद्धत

अमेरिकेत फार्मसीची प्रवेशपदवी फार्म डी आहे. सुरुवातीच्या वर्षांत किमान 300 तास आणि शेवटच्या टप्प्यात किमान 1,440 तास प्रत्यक्ष अनुभव बंधनकारक असतो. विद्यार्थी डॉक्टरांच्या चमूबरोबर राऊंडला जातो, आपल्या रुग्णांची माहिती मांडतो आणि शिकवणाऱ्या फार्मासिस्टच्या प्रश्नांना उत्तरे देतो. पुढे रुग्णालयातच काम करायचे असेल, तर अनेकजण एक-दोन वर्षांची रेसिडेन्सी करतात.

आपल्या विद्यार्थ्यांसाठी

भारतात फार्म डी 2008 मध्ये सुरू झाली. सहा वर्षांच्या या अभ्यासक्रमाचे शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे असते. परदेशी जाऊ पाहणाऱ्यांनी पदवीचा कालावधी आधी तपासावा. 2003 पासून पदवी घेतलेल्या परदेशी फार्मासिस्टकडून अमेरिकेत किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम अपेक्षित असतो, त्यामुळे आपली चार वर्षांची बी.फार्म तिथे अपुरी पडते. ब्रिटनमध्ये परदेशी पदवीधरांसाठी एक वर्षाचा ‘ओस्पॅप’ अभ्यासक्रम, त्यानंतर 52 आठवड्यांचे प्रशिक्षण आणि मग परीक्षा, असा मार्ग आहे. नियम बदलतात, म्हणून शुल्क भरण्याआधी तिथल्या नियामक संस्थेचे ताजे नियम स्वतः वाचा.

जे परदेशी जाणार नाहीत, त्यांच्यासाठीही यात धडा आहे. आपल्या डी.फार्मच्या विद्यार्थ्यांनाही 500 तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यावेच लागते. हे तास सही-शिक्क्यात संपू देऊ नका. रोज एका रुग्णाशी बोला, त्याची औषधे हातात घेऊन वाचा, शंका आली तर वरिष्ठांना विचारा. प्राध्यापक आणि रुग्णालयांनीही या मुलांसाठी रोजचा एक तास राखून ठेवावा. त्या तासाची किंमत एखाद्या रुग्णाच्या जिवाएवढी असू शकते.